तंबू कुणाच्या हद्दीत? मुंबई-पुण्याजवळच्या कॅम्पिंगचा आढावा

शनिवारची दुपार कलली की लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग लागते. नंबरपट्ट्या एमएच-०२, ०४, ४३, १२, १४ अशा. म्हणजे अंधेरीपासून पिंपरी-चिंचवडपर्यंतच्या. डिकीत तंबू क्वचितच असतो, कारण तिकडे सगळे तयार मिळते. पवना धरणाच्या काठावर ठाकूरसाई, गेव्हंडे, आपटी, ब्राह्मणोली, फांगणे अशा गावांच्या शिवारात रंगीत घुमटाकार तंबू गादी-पांघरुणासह ओळीने मांडून ठेवलेले असतात. माणशी हजार-दीड हजार रुपयांत संध्याकाळचा चहा आणि भजी, शेगडीवर भाजलेले पनीर किंवा चिकन, रात्रीचे जेवण, शेकोटी, गिटारवाला आणि सकाळचे पोहे मिळतात. रविवारी अकराच्या आत जागा रिकामी करायची.

गेल्या दशकभरात या व्यवसायाने मावळातल्या अनेक घरांत पैसा आणला. पाणी, जमीन, आवाज, कचरा आणि सुरक्षितता यांवरून तितकेच वादही आणले. भंडारदरा, मुळशी, पानशेत, कर्जत आणि अलिबागच्या किनाऱ्यावरही थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. त्यात आता चाकांवरच्या घरांची, म्हणजे कॅराव्हॅनची भर पडते आहे. हा वाद आज कुठवर आला आहे, याचा हा आढावा.

गुहेतून तंबूत

मुंबई-पुण्याच्या माणसाला उघड्यावरचा मुक्काम नवा नाही. गिरिविहारसारखी संस्था १९५४ पासून सह्याद्रीत हिंडते आहे. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने दोन पिढ्यांना गडांची वाट दाखवली. त्या काळच्या भटक्यांकडे तंबू नसे, कारण त्याची गरजच नव्हती. राजगडावर पद्मावतीचे देऊळ होते, हरिश्चंद्रगडावर लेणी होती आणि राजमाचीत उधेवाडीतल्या कुणाच्या तरी घराची पडवी. शिधा पाठीवर, पाणी टाक्यातले आणि रॉकेलचा स्टोव्ह. पुढे खगोल मंडळासारख्या संस्थांनी वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन सुरू केले. लोकलने जायचे, रात्र जागून काढायची आणि सकाळच्या गाडीने परतायचे. शहराच्या उजेडापासून थोडे दूर गेले तरी आकाश बदलते, हे अनेक मुंबईकरांना तिथेच पहिल्यांदा उमगले.

बदल घडला तो तीन कारणांनी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मावळ दोन्ही शहरांपासून दोन-तीन तासांच्या आत आला. हलके, स्वस्त, पाच मिनिटांत उभे राहणारे तंबू बाजारात आले. आणि फोनमधल्या छायाचित्रांनी पाणी, तंबू व मागचा तुंगचा सुळका एवढ्या तीन गोष्टींची एक चौकट लोकप्रिय केली. २०२० च्या टाळेबंदीनंतर बंद खोलीपेक्षा मोकळी हवा बरी, असे वाटणाऱ्यांनी या सगळ्याला वेग दिला.

यात कॅम्पिंगचे स्वरूपच पालटले. पूर्वी मुक्कामाची सगळी जबाबदारी जाणाऱ्यावर असे. आता ती पैसे घेणाऱ्यावर आली. आजच्या बहुतेक वादांचे मूळ याच बदलात आहे, कारण जबाबदारी सरकली तरी नियम सरकले नाहीत.

सरकता काठ

पवनेचे उदाहरण जवळून पाहिले की गुंता कळतो. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार गडांच्या मधल्या खोऱ्यात हे धरण १९७२ च्या सुमारास उभे राहिले. उपयुक्त साठा सुमारे साडेआठ टीएमसी. इथून सोडलेले पाणी नदीतून खाली जाते आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड महापालिका ते उचलते. म्हणजे तंबूसमोरचे निळे पाणी हे एका औद्योगिक शहराचे पिण्याचे पाणी आहे.

या पाण्याचा इतिहास दुखरा आहे. धरणासाठी जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन रखडले. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. काठावरच्या माणसाला ‘धरणाजवळ तंबू लावू नका’ असे सांगताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही. ‘जमीन आमची गेली, पाणी शहराला गेले, आता चार पैसे मिळताहेत तेही बंद?’ हा प्रश्न गावागावांत ऐकू येतो.

त्यात धरणाचा काठ एका जागी थांबत नाही. पावसाळ्याच्या शेवटी पाणी वरपर्यंत असते. दिवाळीनंतर ते उतरू लागते आणि मागे मऊ गाळाचा उतार उघडा पडतो. ही गाळपेर जमीन. ती जलसंपदा खात्याची असते आणि हंगामापुरती कसायला देण्याची जुनी पद्धत आहे. तंबूला पाण्याच्या अगदी जवळची, सपाट, झाडझुडूप नसलेली जागा हवी असते आणि ती नेमकी इथेच मिळते. त्यामुळे सातबाऱ्यावरच्या खासगी शेतात सुरू झालेला कॅम्प जानेवारी-फेब्रुवारीत पाण्यामागे सरकत सरकारी जमिनीवर उतरतो. मे महिन्यात तो कुणाच्या हद्दीत आहे, हे मोजणीदारालाच विचारावे लागते.

बरीच खाती, एक तंबू

कायद्याच्या दृष्टीने तंबू ही अवघड वस्तू आहे. ती इमारत नाही, त्यामुळे बांधकाम परवान्याच्या नेहमीच्या चाळणीतून सुटते. पण रोज शंभर माणसे पैसे देऊन झोपत असतील तर तिला शेती म्हणणेही अवघड. जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार शेतजमिनीच्या बिगरशेती वापराला परवानगी लागते. हंगामापुरते उभारलेले तंबू त्यात किती बसतात, यावर मात्र कॅम्पचालक आणि अधिकारी वेगवेगळी उत्तरे देतात.

बाकीच्या गोष्टींना कायदे आहेत, पण ते विखुरलेले आहेत. पैसे घेऊन जेवू घालणाऱ्याला अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी हवी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. मद्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. ‘तुमची तुम्ही आणा’ असे म्हटल्याने तो टळत नाही. राखीव वनात आग पेटवणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याहून कडक आहे. केंद्राने संरक्षित केलेली स्मारके सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात खुली असतात. लोहगड त्यांपैकी एक. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात लोहगड आणि राजगड दोन्ही आहेत.

समुद्रकाठी आणखी एक चौकट येते. किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्ती असेल तर २०० मीटर हा ‘ना विकास’ पट्टा. तात्पुरत्या पर्यटन सुविधांना त्यात काही सवलत आहे. ‘तात्पुरते’ म्हणजे नेमके काय, यावर पुन्हा वाद.

राज्याने धोरणे केली नाहीत असे नाही. कृषी पर्यटनाचे धोरण २०२० मध्ये आले आणि साहसी पर्यटनाचे २०२१ मध्ये. पण पहिल्याचा केंद्रबिंदू शेती आणि शेतकऱ्याचे घर आहे, तर दुसऱ्याचा रोख गिर्यारोहण, पॅराग्लायडिंग, जलक्रीडा अशा साहसी प्रकारांवर. नदी-धरणाकाठी नुसते झोपायला येणारी माणसे दोन्हींच्या कडेला पडतात. परिणामी तहसीलदार, जलसंपदा, वन, पर्यटन संचालनालय, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे अशा सगळ्यांचा थोडा थोडा संबंध येतो. संपूर्ण जबाबदारी कुणा एकाची नसते.

चार बाजू

पहिली बाजू स्थानिक व्यावसायिकांची. त्यांचे म्हणणे असे की मावळातली भातशेती एका पिकाची आहे. दिवाळीनंतर हाताला काम नसते. कॅम्पमुळे स्वयंपाक करणाऱ्या बायका, तंबू लावणारी मुले, दूधवाला, कोंबडीवाला, जीपवाला अशा सगळ्यांना हंगाम मिळाला. पक्के रिसॉर्ट आले की जमीन विकावी लागते आणि मालक रखवालदार होतो. तंबूत जमीन शाबूत राहते. याच गटात एक फटही आहे. स्वतःच्या रानात पंधरा तंबू लावणारा गावकरी आणि शहरातून येऊन जागा भाड्याने घेत समाजमाध्यमांवरून दीडशे माणसांची नोंदणी घेणारा आयोजक यांना एकाच मापाने मोजू नका, असे गावकरीच सांगतात.

दुसरी बाजू पर्यावरण अभ्यासकांची आणि पाण्याची काळजी असणाऱ्यांची. त्यांचा मुख्य मुद्दा शौचालयाचा आहे. काठापासून थोड्या अंतरावर पत्र्याची किंवा फायबरची शौचालये उभी असतात. त्यांच्याखाली शोषखड्डा आहे की बंद टाकी, ती कोण उपसतो आणि उपसलेले कुठे जाते, याची नोंद सहसा कुठे नसते. पावसाळ्यात जलाशय भरला की हिवाळ्यातला उतार, त्यातल्या खड्ड्यांसकट, पाण्याखाली जातो. शेकोटीसाठी तोडलेले लाकूड, वणवे आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्यांच्या माळा हे पुढचे मुद्दे. पश्चिम घाटातले संवेदनशील क्षेत्र ठरवण्याचा प्रश्नही २०११ च्या गाडगीळ समितीच्या अहवालापासून लोंबकळतो आहे. जुलै २०२४ मध्ये त्याचा सहावा मसुदा निघाला आणि त्यात महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होते.

उजेडाचा मुद्दा काजव्यांच्या बाबतीत ठळक होतो. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे, भंडारदरा-पुरुषवाडी-राजमाची भागात काजवे चमकतात. तो नर-मादीचा एकमेकांना शोधण्याचा खटाटोप असतो. शेकडो गाड्यांचे हेडलाइट, बॅटऱ्या आणि मोबाइलचे फ्लॅश त्यात व्यत्यय आणतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन खाते म्हणूनच या दिवसांत वेळेचे आणि उजेडाचे निर्बंध घालते. काजव्यांच्या हंगामावर ज्यांची वर्षाची कमाई उभी आहे, त्या आदिवासी गावांना गर्दी हवीही असते आणि नकोही.

तिसरी बाजू जुन्या गिर्यारोहकांची. त्यांना गोंगाटाच्या कॅम्पविषयी प्रेम नाही. पण एका टोकाच्या गोंधळामुळे सरसकट बंदी आली की तिचा फटका शांतपणे मुक्काम करणाऱ्यालाच बसतो, अशी त्यांची तक्रार आहे. संरक्षित गडांवरच्या मुक्कामावर निर्बंध आले तेव्हा हीच कुरकुर झाली. गडावर दारू पिणाऱ्याला पकडा, पण पहाटेचा सूर्योदय पाहायला आलेल्या शाळेच्या सहलीला का हाकलता? पुरातत्त्व खात्याचे उत्तर असे की रात्री गडावर कोण कशासाठी आले आहे, हे ओळखायला मनुष्यबळ लागते आणि ते नाही.

चौथी बाजू प्रशासनाची. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. हे दोन्ही प्रसंग कॅम्पचे नव्हेत, दिवसाच्या पर्यटनाचे आहेत. पण शनिवार-रविवारच्या गर्दीकडे पाहण्याची अधिकाऱ्यांची नजर त्यातून घडली. जमावबंदीचा आदेश काढणे त्यांना सोपे असते. वर्षभर तपासणी करणे अवघड.

रात्रीचे धोके

सुरक्षिततेबद्दल चारही बाजूंचे बऱ्यापैकी एकमत आहे आणि तरी अंमलबजावणी ढिली आहे.

सर्वात मोठा धोका बुडण्याचा. धरणाचा तळ स्विमिंग टँकसारखा एकसारखा उतरत नाही. जुने बांध, ओढ्याची पात्रे आणि घळी पाण्याखाली असतात. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडते आणि गाळात पाय रुतला की पोहणाराही घाबरतो. त्यात रात्र आणि मद्य. लाइफ जॅकेट, दोरी आणि पाण्याकडे लक्ष ठेवणारा माणूस ही किमान अपेक्षा आहे.

दुसरा धोका कळत नाही, म्हणून जास्त वाईट. थंडी वाजते म्हणून अर्धवट विझलेली शेगडी तंबूत घेतली जाते. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूरही दिसत नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

तिसरा धोका जमिनीवरचा. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश फारसा दुखत नाही आणि तो बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. चेन पूर्ण बंद केलेला तंबू यापासून चांगले संरक्षण देतो. पण शंभर जणांच्या कॅम्पमध्ये मध्यरात्री चेन कोण बंद ठेवतो? जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे, हे चालकाला तोंडपाठ हवे. एप्रिल-मेमधला वळीव हा आणखी एक पाहुणा. मऊ गाळात ठोकलेल्या खुंट्या त्या वाऱ्यात टिकत नाहीत.

जंगलाजवळच्या कॅम्पचा प्रश्न वेगळा. जानेवारी २०२१ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये मेप्पाडीजवळ तंबूत मुक्कामाला असलेली एक तरुणी हत्तीच्या हल्ल्यात दगावली. त्यानंतर तिथे तंबूंच्या परवान्यांची चर्चा एकदम ऐरणीवर आली. सह्याद्रीच्या उत्तर भागात हत्ती नसले तरी बिबट्या आहे आणि उघड्यावर टाकलेली कोंबडीची हाडे कुत्र्यांना व त्यांच्यामागून बिबट्याला बोलावतात.

चाकावरचे घर

कॅराव्हॅनच्या बाबतीत गर्दीआधी धोरण आले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी केरळनेही ‘केरावन केरळ’ जाहीर केले. कल्पना अशी की गाडीतच झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असेल आणि ठिकठिकाणच्या कॅराव्हॅन पार्कमध्ये वीज, पाणी व सांडपाण्याची व्यवस्था मिळेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये महिंद्राने एका नवउद्योगाशी करार करून पिकअपवर आधारित कॅम्पर आणण्याची घोषणा केली. मोठ्या व्हॅनवर बांधलेल्या गाड्या भाड्यानेही मिळू लागल्या आहेत.

अडचण पार्कची आहे. कॅराव्हॅनच्या पोटात तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, भांडी-अंघोळीच्या पाण्याची आणि मैल्याची. तिसरी दोन-तीन दिवसांत भरते. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये गावोगावी ती रिकामी करण्याची जागा ठरलेली असते. मुंबईहून निघालेल्या माणसाला इथे ती कुठे मिळेल, हे नकाशावर सहज सापडत नाही. मग पेट्रोल पंपावरचे शौचालय किंवा, वाईट दिवशी, रस्त्याकडेचा ओढा. घाटातली वळणे, गावातले अरुंद रस्ते आणि उन्हाळ्यातला उकाडा हे आणखी अडथळे.

हौशी लोकांपुढे कायद्याचाही प्रश्न आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. जुनी व्हॅन घेऊन गॅरेजात पलंग आणि सिंक बसवणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यामुळे सध्या बरेच जण मधला मार्ग घेतात: गाडीच्या टपावर बसवायचा तंबू. तो सामान म्हणून लावता येतो आणि काढता येतो. पण रात्री गाडी उभी करायची कुठे, हा प्रश्न तसाच राहतो.

दुसऱ्यांनी काय केले

दोन उदाहरणे वारंवार दिली जातात. पहिले ऋषिकेशचे. दिल्लीकरांच्या शनिवार-रविवारची जागा असलेल्या कौडियाला ते ऋषिकेश या गंगेच्या पट्ट्यात वाळूवर तंबूंची गर्दी झाली होती. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये तिथले नदीकाठचे कॅम्प बंद केले. राफ्टिंग मात्र चालू राहू दिले. वाळू मोकळी झाली. तंबू मात्र वरच्या डोंगरउतारांवर आणि गावांच्या रानांत सरकले. बंदीने प्रश्न सुटतो की हलतो, यावर तेव्हापासून दोन मते आहेत.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडमधल्या लॉक लोमंडचे. हे सरोवर ग्लासगोपासून तासाभराच्या आत. तिथल्या २००३ च्या कायद्याने लोकांना मोकळ्या जमिनीवर तंबू लावण्याचा हक्क दिला. पण गर्दी, दारू आणि कचरा यांमुळे राष्ट्रीय उद्यानाने आधी २०११ मध्ये पूर्व काठावर आणि मग १ मार्च २०१७ पासून इतर काठांवरही उपनियम लागू केले. मार्च ते सप्टेंबर या काळात ठरावीक पट्ट्यांत परवाना घेऊनच तंबू लावता येतो. सुरुवातीला शुल्क रात्रीला अवघे तीन पौंड होते. गिर्यारोहकांच्या संघटनांनी याला विरोध केला: मूठभरांच्या वागण्यासाठी सगळ्यांचा हक्क का कापता? उद्यानाचे म्हणणे होते की हे पट्टे एकूण क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपासच आहेत. पवनेशी तुलना करताना एक फरक लक्षात घ्यावा लागतो. तिथे परवाना तंबू लावणाऱ्या माणसाला मिळतो; आपल्याकडे तंबू लावणारा व्यावसायिक आहे.

अजून न सुटलेले

सगळ्या बाजू ऐकल्यावर चार प्रश्न उरतात. एक, गाळपेर जमिनीवर तंबूला परवानगी द्यायची का आणि दिली तर धरणग्रस्तांना पहिला हक्क असेल का? दोन, एका काठावर एका रात्री किती माणसे झेपतात? हा आकडा पवनेसाठी कुणी ठरवलेला नाही आणि तो ठरवल्याशिवाय परवान्यांची संख्या हवेत राहते. तीन, मैल्याची जबाबदारी कुणाची? ग्रामपंचायतीकडे उपसा करणारी गाडी नसते, आणि ज्या महापालिकेचे पाणी आहे तिची हद्द इथपर्यंत येत नाही. चार, पंधरा तंबूंचा गावकरी आणि दीडशे माणसांचा आयोजक यांना वेगळे नियम लावायचे कसे, म्हणजे नोंदणीचा खर्च लहानाला बाहेर ढकलणार नाही?

सरसकट बंदीच्या बाजूने आज फारसे कुणी नाही आणि सध्याची मोकळीक चालू ठेवावी असेही उघडपणे कुणी म्हणत नाही. वाद आहे तो कुठल्या खात्याने पुढाकार घ्यायचा यावर. बंद टाकीचे शौचालय, दहाला बंद होणारा आवाज, पाण्याकाठी लाइफ जॅकेट आणि मुक्कामाला असलेल्यांची नोंदवही, या चार गोष्टींना कुठल्याच बाजूचा विरोध नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही; ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलदारांची सही पुरेल. तोवर पुढच्या शनिवारी पैसे भरण्याआधी ग्राहकानेच फोनवर विचारावे: जागा कुणाची, टाकी कुठली, रात्री पाण्याकडे लक्ष कोण ठेवणार? उत्तर मिळाले नाही, तर दुसरा कॅम्प शोधावा.